कुणाचा उजवा?

३ ऑक्टोबर

ती. आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. म्हणजे मी वाकलोय ते मनातल्या मनात. खरोखरचं वाकायला मला सध्या बंदी आहे. कारण पुढे येईलच. घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं आपल्या दोघांना पुरेल.

तुम्ही दोघं खुशाल असाल. दाजींचा गुडघा काय म्हणतो? इथे सगळं ठीक आहे. स्टुडिओ बंद केल्यापासून सगळे दिवे आणि पडदे राहत्या खोलीत आणून ठेवलेत, त्यामुळे चालायला जागा नाही, आणि तसं चालून जायलाही कुठे नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन न उचलायला काही करावं लागत नाही. पत्र नाकारायचं तर उठून पोस्टात जावं लागतं, आणि तू चालायला लहानपणापासून कंटाळतेस. अक्षराला हसू नकोस. पाचवीत शाळा सोडली, नंतर सेहेचाळीस वर्षं फोटोंच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहिली, एवढाच माझा लिहिण्याचा सराव.

आता मुद्दा. काल आमच्या खालचा कुलूपवाला वर आला. हा माणूस कधी दार वाजवत नाही, कुठलंही दार त्याला उघडंच वाटतं. म्हणाला, "काय फोटोवाले, तुमच्या बहिणीच्या दाराला नवं कुलूप बसवून आलो. चार किल्ल्या दिल्या."

मी म्हटलं, "चार कशाला? ती दोघंच तर आहेत."

"नव्या मालकाच्या घरात चार माणसं आहेत ना!" असं म्हणाला आणि त्याने माझं तोंड बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? अठ्ठावीस तारखेला चाललेत. लेकीकडे. कायमचे."

आक्का, माझ्या सख्ख्या बहिणीने घर विकलं हे मला कुलूपवाल्याने सांगावं?

फेब्रुवारीतल्या त्या दिवसाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, मी फोटो काढायला येणार होतो, आलो नाही. विषय संपला. त्याच्या आठवडाभर आधी दाजी म्हणाले होते, "तू कशाला दगदग करतोस, हल्ली फोनवरच छान निघतात," आणि मी म्हणालो होतो, "मग फोनलाच जेवायला बोलवा." त्यावरून तू मनाशी काय धरलंस ते धरलंस. काही लिहिणार नाही म्हटलंय ना, मग नाही.

मला अठ्ठाविसाच्या आत तुझ्याकडे यायचंय. एकदा समोरासमोर बसायचंय. पण बसमधून यायला चाळीस मिनिटं लागतात, आणि गेले काही दिवस मला चक्कर येते. साधी नव्हे. उजव्या कुशीवर वळलो, की खोली भोवऱ्यासारखी फिरते. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की फळी, डबा आणि मी, तिघं तीन दिशांना जातो. मनातल्या मनात माझे सगळे आजार मोजून झाले. मेंदूपासून सुरुवात केली आणि हृदयापर्यंत आलो. शेवटी कुलूपवाल्याने मला दवाखान्यात नेलं. मी नाक मुठीत धरून गेलो.

डॉक्टरने दोन मिनिटांत मला शेजारच्या खोलीतल्या व्यायामवाल्या बाईकडे पाठवलं. वयाने आपल्या भाचीएवढी असेल. दिवसभर लोकांच्या मुंड्या धरून वळवणं हेच तिचं काम, म्हणून मी तिचं नाव मुंडीबाई ठेवलंय. मनात. तोंडावर मी तिला मॅडम म्हणतो आणि ती मला आजोबा म्हणते, जे मला आवडत नाही.

ती म्हणाली, "आजोबा, मी तुमचं डोकं धरून तुम्हाला झटकन मागे झोपवणार. डोळे उघडे ठेवायचे. काहीही झालं तरी मिटायचे नाहीत."

"काहीही म्हणजे काय काय?"

"चक्कर येईल."

"ती घालवायलाच तर आलोय."

"घालवायची तर आधी आणावी लागेल ना!"

तिने माझी मान उजवीकडे वळवली आणि मला मागे झोपवलं, डोकं खाटेच्या कडेखाली लोंबकळत. छत असं गरगरलं की मी तिचं मनगट गच्च धरलं. ती मात्र खूश! माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "दिसलं, दिसलं. बुबुळं कशी नाचतायत बघा." मी कसं बघणार?

मग समजावून सांगितलं. आपल्या कानाच्या आत खोलवर चुन्याचे बारीक कण असतात, सगळ्यांच्याच असतात. माझ्या उजव्या कानातल्यांनी जागा सोडली आणि ते भलत्याच नळीत शिरले. मी डोकं हलवलं की ते घरंगळतात, आणि डोक्याला वाटतं माणूस गिरकी घेतोय. गोळीने ते जागचे हलत नाहीत. डोकं आणि अंग ठरलेल्या क्रमाने वळवायचं, दर वळणाला थांबायचं, म्हणजे कण नळीतून घरंगळत आपल्या घरी परत जातात. तिने एकदा करून दिलं आणि म्हणाली, "पुन्हा आली तर घरी रोज करा. उजव्या कानाने सुरुवात. विसरू नका, उजवा."

मी म्हटलं, मॅडम, उजवं-डावं मला शिकवू नका. सेहेचाळीस वर्षं लोकांना मी तेच सांगत आलोय.

तेव्हा आठवड्याभरात बरा होतो आणि येतो. दाजींना नमस्कार सांगायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा,
गरगरलेला पण काळजीचं कारण नसलेला
भाऊ

•

१५ ऑक्टोबर

ती. आक्कास,

नमस्कार. माझं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. तुझं उत्तरही आलं नाही, म्हणजे तू वाचलंस. न वाचता तू राहूच शकत नाहीस. लहानपणी माझ्या दप्तरातली मास्तरांची चिठ्ठीसुद्धा माझ्याआधी तूच वाचायचीस.

आठवड्यात बरा होतो म्हणालो होतो. झालो नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर परत आली, म्हणून घरी व्यायाम सुरू केला. रोज सकाळी. कुलूपवाला दुकान उघडायच्या आधी वर यायचा आणि समोर स्टुलावर घड्याळ घेऊन बसायचा, प्रत्येक वळणाला मिनिट मोजायला. खांद्यांखाली उशी, डोकं मागे. चार दिवस, सहा दिवस, दहा दिवस. चक्कर कमी व्हायचं नाव नाही. कुलूपवाला म्हणायचा, "मान सोडा हो, फोटोवाले. अशी काय आवळून धरलीय? मी काय ती घेऊन पळणार आहे?"

दहाव्या दिवशी माझी खात्री पटली की हे कानाचं नाही आणि हे लोक मला खरं सांगत नाहीत. तुला ओळखीची असेल माझी ही सवय. मग पहिला विचार काय आला सांगू? माझ्यामागे भिंतीवर फोटो कोणता लावतील! आयुष्यभर दुसऱ्यांचे काढले, माझा म्हणून एकच, तो बसच्या पासावरचा, त्यात मी वॉन्टेड दिसतो. म्हटलं, निदान हे तरी आपल्या हाताने नीट करून जावं. खुर्ची मांडली, मागे पडदा लावला, दिवे लावले, इस्त्रीचा शर्ट घातला, कॅमेऱ्यावर दहा सेकंदांचा टायमर लावला आणि खुर्चीत येऊन बसलो. हनुवटी जरा वर केली, चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून. तिथेच चुकलं. खोली फिरली. फोटो निघाला, स्वच्छ निघाला. त्यात रिकामी खुर्ची आहे आणि खाली कोपऱ्यात माझा एक पाय.

आवाज ऐकून कुलूपवाला धावत आला. लागलं नाही, पडद्यावर पडलो. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "हा लावा भिंतीवर. कुणीही ओळखेल, पायाचं नख तेच आहे." मग मला धरून परत मुंडीबाईकडे घेऊन गेला.

ती म्हणाली, "घरी कसं करता, मला करून दाखवा."

मी खाटेवर बसलो. आता हे नीट ऐक, कारण यावर ती आणि कुलूपवाला दोघंही पोट धरून हसलेत, आणि तूही हसशील. मला गुपचूप मान वळवता येत नाही. तोंडाने बोलावं लागतं. स्टुडिओत बोलायचो तसं. म्हणून मी म्हणालो, "उजवीकडे बघा. आणखी थोडं. हां, बास. आता हलू नका." आणि झोपलो.

"थांबा," मुंडीबाई म्हणाली. "हे उजवीकडे?"

"हो."

"आजोबा, तुमचं तोंड डावीकडे आहे."

"उजवीकडेच आहे. असं."

"कुणाच्या उजवीकडे?"

"गिऱ्हाइकाच्या!"

तिने खाटेकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "आणि इथे गिऱ्हाईक कोण आहे?"

आक्का, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सेहेचाळीस वर्षं गिऱ्हाईक माझ्यासमोर बसलं. मी 'उजवीकडे' म्हटलं, की ते त्याच्या उजवीकडे वळणार, म्हणजे मला ते डावीकडे जाताना दिसणार. सुरुवातीला माझा गोंधळ व्हायचा, मग उलटं सांगायची सवय झाली, आणि मग ती सवय आहे हेही विसरलो. माझ्या तोंडून 'उजवीकडे' निघालं की माझं डोकं आपोआप डावीकडे जातं. मी दहा दिवस रोज सकाळी इमानेइतबारे चांगल्या कानावर इलाज करत होतो! बिचारा कान. त्याला काय वाटलं असेल!

"आणि तुम्ही?" मुंडीबाईने कुलूपवाल्याला विचारलं. "समोर बसून बघत होतात ना?"

तो म्हणाला, "मला काटा बघायला सांगितला होता. मी काटा बघितला."

मग तिने स्वतः माझं डोकं धरलं. उजवीकडे, मागे, थांबा. खोली फिरली. सावकाश डावीकडे, थांबा. अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबा. आता उठा. हात धरून बसवलं. दोनदा केलं. दुसऱ्या वेळी छत नुसतं थोडं हललं आणि थांबलं. मुंडीबाईचे हात अगदी घट्ट, पण दाबत नाहीत. मी इतक्या लोकांच्या हनुवट्या बोटाने वळवल्या असतील, पण माझं डोकं कुणी असं दोन्ही हातांत धरलं नव्हतं. आई गेल्यापासून तर नाहीच. मला उगीच रडू आलं. तिला वाटलं चक्करेमुळे पाणी येतंय.

शेवटी कागदावर लिहिताना ती म्हणाली, "आठ महिने कसे काढलेत हो असे? कुणाला तरी सांगायचं ना."

हे वाक्य मला इथे लिहायचं नव्हतं. पहिल्या पत्रात मी 'गेले काही दिवस' लिहिलंय. पण पेनाने लिहून झालंय, आणि खोडलं तर तू पान उजेडात धरून वाचशील. तर आता मोज. आठ महिने मागे म्हणजे फेब्रुवारी.

हो. तोच दिवस. तुमच्या पन्नासाव्याच्या सकाळी गजराचं घड्याळ बंद करायला उजवीकडे वळलो, आणि जग फिरलं. मला वाटलं, संपलं. पलंगाची कड धरून पडून राहिलो, उलटी झाली. तुला निरोप पाठवला, 'येणं होणार नाही.' बस, एवढाच. मी दाजींवर रुसलो असं सगळ्यांनी धरलं. ते मला कळलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. रुसलेल्या माणसाची लोक समजूत तरी काढतात. चक्कर आलेल्याला पाण्याचा पेला देतात आणि म्हातारा झाला म्हणतात.

तू माझी समजूत काढशील याची मी वाट बघत बसलो आणि तू माझ्या माफीची. त्यात आठ महिने गेले.

आता उजवा कान बरा होईल. कण घरी गेले की येतो. अठ्ठाविसाच्या आत नक्की.

तुझा,
डाव्या कानाचा अपराधी
भाऊ

•

२६ ऑक्टोबर, सकाळ
तुझ्या पायरीवरून

आक्का,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. मी तुझ्या दाराबाहेर बसून लिहितोय. कागद कुलूपवाल्याच्या वहीतला आहे, त्याच्याच स्कूटरवरून आलो. तो कोपऱ्यावर सोडून गेला. जाताना म्हणाला, "आत शिरायला जमलं नाही तर हाक मारा, कुलूप मीच बसवलंय." मी नको म्हटलं.

चक्कर गेली. अठरा तारखेलाच गेली. मी उजव्या कुशीवर झोपलो, उठलो, वाकून चपला घातल्या, फळीवरचा डबा काढला, परत ठेवला, परत काढला. काही नाही. मुंडीबाईने पुन्हा मागे झोपवून माझे डोळे बघितले आणि म्हणाली, "छान. आता नका येऊ." म्हणजे यायला मला आठ दिवस मोकळे होते. मी आलो नाही. रोज सकाळी बसथांब्यावर जायचो, बस यायची, दार उघडायचं, आणि मी मान वर-खाली करून बघायचो, चक्कर येते का. येत नव्हती. तरी चढत नव्हतो. माझ्याकडचं ते एकच कारण गेलं होतं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मगाशी तुझ्या दाराची घंटा दाबली. तू आतून विचारलंस, "कोण?" आणि मी घंटाच पुन्हा दाबली. तू म्हणालीस, "दूधवाला असशील तर कालपासून बंद केलंय." मी खाकरलो. तू ओरडलीस, "नको म्हटलं ना!" मग आतून दाजींचा आवाज, "अगं, बाहेर कुणीतरी तुझ्या भावासारखं खोकतंय." आणि तू म्हणालीस, "तो कशाला मरायला येतोय इकडे!" भांडी आपटल्याचा आवाज आला. खोक्यात भरत असशील. कागदात गुंडाळ, फुटतील.

तेव्हा मी पायरीवर बसलो आणि वही काढली. तोंडाने सांगायला गेलो तर अर्धंच सांगेन. मागच्या पत्रातही अर्धंच सांगितलं.

त्या सकाळी चक्कर आली, हे खरं. पण दुपारपर्यंत खोली थांबली होती. मी आंघोळ केली, कपडे घातले, माझा तो वाकून वरून बघायचा जुना कॅमेरा पिशवीत घातला, आणि आलो. हो, आलो होतो. तुमच्या बसथांब्याकडून नाही, एक थांबा आधी उतरून मागच्या गल्लीतून, भिंतीला हात लावत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वळलो तेव्हा चार वाजून गेले असतील. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. दाजी कोटात घामाघूम, आणि कुणीतरी फोन पुढे करून म्हणत होतं, "आता काढू या का?" आणि दाजी म्हणाले, ते मला स्पष्ट ऐकू आलं, "थांबा रे. माझा मेव्हणा येतोय. तोच काढेल."

आणि तू फाटकाशी उभी होतीस. नवे कपडे, केस बांधलेले, कपाळावर हात आडवा धरून बसथांब्याकडच्या रस्त्याकडे बघत. माझ्याकडे पाठ. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मला वाटलं, कॅमेऱ्यात बघायला मान खाली घालीन आणि सगळ्यांच्या समोर तोंडावर पडेन. पन्नास वर्षांचा तो एकच दिवस, आणि फोटोवाला आडवा, सगळे त्याच्याभोवती. लोक आयुष्यभर तेच सांगतील. मी भिंत धरून उभा राहिलो. दहा मिनिटं असेन. तू एकदा आत गेलीस, परत आलीस, परत रस्त्याकडे बघितलंस. मग मी मागे फिरलो. चक्कर येऊन नाही. पाय चांगले चालत होते.

निरोपही सकाळी पाठवला नव्हता, आक्का. तो मी घरी परत जाऊन पाठवला. वेळ बघ, तुझ्या फोनवर अजून असेल.

तू आठ महिने धरून चाललीस की मी रुसून आलो नाही. त्याहून वाईट आहे ते. मी आलो, तुला वाट बघताना बघितलं, आणि परत गेलो. माझ्या नुसत्या भीतीपायी. आता तू चालली आहेस, आणि हे सांगितल्याशिवाय तू गेलीस तर मला मरेपर्यंत तुझी ती पाठ दिसत राहील. राग खरा धरायचा असेल तर यासाठी धर. दाजींनी त्यात काही केलेलं नाही, त्यांना तेवढं सांग.

आता कागद संपत आला. दाराखालून सरकवतोय. खाली फट बारीक आहे, दोन घड्या घालाव्या लागतील.

आणि एक. मुंडीबाईने सांगितलंय, बसलेल्या जागेवरून एकदम उठायचं नाही. आधी पाय टेकवायचे, थांबायचं, मग उठायचं. मला जरा वेळ लागतो. तेव्हा दार उघडणार असशील तर घाई करू नकोस, आणि उघडणार नसशील तरी घाई करू नकोस. दाजींना वाचून दाखव, चहा पी, परत वाच. मी इथून उठून जाणार नाही.

दाराच्या या बाजूला,
तुझा भित्रा भाऊ